कापडी कुंडीतले झाड रोज पाणी घालूनही माना टाकते: काय तपासायचे आणि कुठे थांबायचे

कापडी कुंड्यांची, म्हणजे फेल्टच्या ग्रो बॅगांची, जी तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते ती जवळजवळ एकाच शब्दांत येते: "पाणी रोज घालतो, तरी झाड कोमेजते." झाडे बदलतात, कुंडीचे आकार बदलतात, पण बिघाड बहुतेक वेळा तोच असतो. आधी लक्षणे नीट वेगळी करा, कारण यातली काही एकमेकांच्या अगदी उलट कारणांनी दिसतात.

लक्षणे

- पाणी घातल्यावर काही क्षणांतच ते बुडातून किंवा बाजूच्या कापडातून बाहेर येते.
- माती आणि कापड यांच्यामध्ये फट पडली आहे, बोट आत जाते.
- वरची माती ओली, काळसर दिसते. पण कुंडी उचलायला अपेक्षेपेक्षा हलकी लागते.
- पानांच्या कडा टोकाकडून आत करपत येतात.
- कापडाच्या बाहेरच्या बाजूला, विशेषतः खालच्या निम्म्या भागात, पांढरा खरखरीत थर जमला आहे.
- जुनी, खालची पाने पिवळी पडतात आणि नवी वाढ अडली आहे.
- टोमॅटोच्या फळाचे बूड काळे, चामड्यासारखे, खोलगट होते.
- कुंडी चांगली जड आहे, बाहेरून हिरवी झाली आहे, बुडाशी आंबूस वास येतो आणि झाड तरीही मलूल आहे.

शेवटचे लक्षण बाकीच्यांपासून बाजूला काढा. तिथे पाणी जास्त झाले आहे. बाकीच्या बहुतेक ठिकाणी पाणी घातले जाते खरे, पण मुळांपर्यंत पोहोचत नाही. या दोन गटांची गल्लत झाली, की चांगल्या हेतूने केलेला उपायच झाडाच्या मुळावर येतो.

कापडी कुंडीत हे का होते

प्लॅस्टिकच्या कुंडीतली ओल फक्त वरच्या तोंडातून उडते. कापडी कुंडीला सगळ्या बाजूंनी तोंड आहे असे समजा. ३० सेंटिमीटर व्यासाची आणि २५ सेंटिमीटर उंचीची कुंडी घेतली, तर वरचा उघडा भाग सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर भरतो आणि बाजूचे कापड सुमारे २,३५६ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाणी उडायला मातीच्या पृष्ठभागाच्या तिपटीहून अधिक जागा बाजूने मिळते. प्लॅस्टिकमध्ये जमलेले पाण्याचे वेळापत्रक इथे लागू पडत नाही, ते यामुळे.

मात्र याच सच्छिद्र भिंतीमुळे या कुंड्या घ्याव्याशा वाटतात, हेही तितकेच खरे. मुळाचे टोक कापडापर्यंत आले की त्याला कोरडी हवा लागते, टोक सुकते आणि मूळ मागच्या बाजूने नव्या फांद्या फोडते. प्लॅस्टिकमध्ये तेच मूळ भिंतीला धरून गोल गोल फिरत राहते आणि पुढे झाड जमिनीत लावले तरी तो विळखा सुटत नाही. कापडात बारीक तंतुमुळांचे दाट जाळे तयार होते. मुळांना हवा भरपूर मिळते, जादा पाणी साचून राहत नाही. शिवाय माठातले पाणी ज्या कारणाने गार राहते त्याच कारणाने, बाजूंनी ओल उडत असल्यामुळे, मुळांची जागा तापत नाही. काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीची उन्हाकडची बाजू हात लावून पाहिलेल्याला या फायद्याची किंमत कळते.

गोम अशी की हे सगळे फायदे माती ओलसर असेपर्यंतच मिळतात. माती पूर्ण वाळली की गारवा संपतो आणि हवेने फक्त टोके सुकायची ती अख्खी मुळे सुकू लागतात. म्हणून मला कापडी कुंडी मनापासून आवडते, पण ती मी पाण्याकडे नियमित लक्ष देणाऱ्यालाच सुचवतो. चार-चार दिवस घर बंद राहत असेल आणि ठिबकची सोय नसेल, तर प्लॅस्टिक किंवा चकचकीत लेप दिलेली मातीची कुंडी जास्त सोयीची.

आता तपासण्या. क्रम सोप्याकडून अवघडाकडे, बिनखर्चाकडून खर्चाकडे ठेवला आहे. मधली पायरी गाळून थेट कुंडी बदलायला जाऊ नका. निम्म्याहून अधिक तक्रारी पहिल्या चार पायऱ्यांतच मिटतात असे मी पाहिले आहे.

१. झाड नेमके कधी कोमेजते ते पाहा

भर दुपारी पाने लोंबली आणि ऊन कलल्यावर आपोआप ताठ झाली, तर घाबरू नका. भोपळा, काकडी, दोडका अशा मोठ्या पानांच्या वेलांमध्ये हे नेहमीचे आहे. पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या ओढण्यापेक्षा तेवढ्या वेळापुरता जास्त होतो, इतकेच. पहाटे, ऊन येण्याआधी झाड बघा. पहाटेही मान खाली असेल तर रात्रभरात त्याला पाणी मिळालेले नाही, किंवा मिळाले पण मुळांना ते ओढता आले नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या अशा झाडासाठी आहेत. दुपारचे कोमेजणे पाहून घाईघाईने पाणी ओतणाऱ्यांच्या कुंड्या मी नंतर कुजलेल्या मुळांसह पाहिल्या आहेत, म्हणून ही बिनखर्चाची तपासणी सर्वांत आधी.

२. कुंडी उचला आणि काडी खुपसा

वरच्या मातीला बोट लावून काहीच ठरवू नका. कापडी कुंडीत वरचा थर ओला आणि गाभा ठणठणीत कोरडा, ही स्थिती फार सर्रास आढळते. कधी याच्या उलटही असते: वरून आणि बाजूंनी कोरडी, आत चिखल.

लहान कुंडी दोन्ही हातांनी थोडी उचला. पाणी घालून निथळल्यानंतरचे वजन एकदा हाताला ओळखीचे झाले की पुढे तेच मोजमाप पुरते. मोठी कुंडी उचलत बसू नका; एका कडेने जरा कलती करून पाहा. ती कलती करतानाही कानांना धरून झटका देऊ नका, कारण कापड लवचिक असते, आतली माती दुमडते आणि बारीक मुळे तुटतात.

मग जाड बांबूची काडी किंवा लाकडी पट्टी बुडापर्यंत खुपसा, पाच मिनिटे ठेवा, बाहेर काढा. तीन ठिकाणी करा: मधोमध, कडेला आणि या दोहोंच्या मध्ये. काडीवर माती चिकटली आणि काडी काळपट झाली तर ओल आहे. कोरडी, स्वच्छ निघाली तर तिथे पाणी पोहोचतच नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे माती ओलसर पण हाताला चिखल न लागणारी, ती अवस्था बुडापासून वरपर्यंत हवी.

इथे वाट फुटते. गाभा कोरडा असेल तर पायरी ३ पासून पुढे जा. गाभा ओला आणि तरीही झाड मलूल असेल, तर पाणी घालणे आजच थांबवा आणि थेट पायरी ५ मधला बुडाचा भाग आणि पायरी ८ वाचा.

३. पिशवी खरोखर कापडी आहे का

ग्रो बॅग या एकाच नावाखाली अगदी वेगळ्या गोष्टी मिळतात. हिरव्या रंगाची, विणलेल्या पट्ट्यांची, आतून गुळगुळीत लेप असलेली एचडीपीईची, म्हणजे एका प्रकारच्या टणक प्लॅस्टिकची, पिशवी हवा आत-बाहेर करू देत नाही. ती वागायला प्लॅस्टिकच्या कुंडीसारखीच आहे आणि तिचा निचरा फक्त खालच्या भोकांतून होतो. तिला फेल्टसारखे भरपूर पाणी घातले की झाड बुडते.

खरे फेल्ट हे न विणलेले, सुयांनी ठोकून घट्ट केलेले पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर असते. ओळखायला कापडाच्या बाहेरून थोडे पाणी लावा आणि आत हात ठेवून पाहा. ओल आत आली तर फेल्ट. जाडीही महत्त्वाची: अगदी पातळ, प्रकाशाकडे धरल्यावर आरपार दिसणारे कापड फार भराभर वाळते आणि लवकर फाटते. कापड जुने असेल तर दोन बोटांत चिमटीत धरून चोळा. भुगा सुटत असेल तर उन्हातल्या अतिनील किरणांनी ते संपले आहे. अतिनील संरक्षण नसलेले पॉलिप्रॉपिलीन यात लवकर जाते, पॉलिएस्टर जास्त टिकते. असे भुगा होणारे कापड दुरुस्त होत नाही. त्याचे तंतू मातीत मिसळण्याआधी झाड हलवलेले बरे.

४. पाणी कोणत्या वाटेने जाते ते बघा

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. इथे वेळ द्या.

कुंडीत मगभर पाणी मधोमध, सावकाश घाला आणि नुसते बघत राहा. पाणी वरच्यावर थेंबाथेंबाने तरंगते, मग कडेकडे पळते आणि कापडातून किंवा कडेच्या फटीतून खाली उतरते, असे दिसले तर निदान झाले. मातीचा गाभा पाणी घेत नाही.

कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पानांचे खत, गांडूळखत यांसारखे सेंद्रिय पदार्थ पूर्ण वाळले की त्यांच्या कणांवरचे मेणचट लेप पाणी झटकू लागतात. त्यातच वाळलेले मिश्रण आकसते आणि कापडापासून सुटते. पाण्याला फट म्हणजे सोपी वाट, ते तिथूनच निघून जाते. तुम्ही दुप्पट पाणी घातले तरी दुप्पट पाणी फटीतूनच वाहते. म्हणून "अजून पाणी घाला" हा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो. पाण्याचे प्रमाण पुरेसे असते, फक्त त्याला मातीत मुरायला वेळ मिळत नाही.

उचलता येणाऱ्या कुंडीचा उपाय बादली-टब एवढाच. पसरट टबमध्ये पाणी घ्या आणि कुंडी तिच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत बुडेल अशी त्यात ठेवा. कापडातून चहूबाजूंनी पाणी आत शिरते. प्लॅस्टिकला न जमणारी ही गोष्ट कापडी कुंडी फार छान करते. सुरुवातीला बुडबुडे येतात. वरची माती आपोआप काळी, ओली दिसू लागेपर्यंत थांबा. अर्ध्या तासापासून एक तास लागतो, अगदी वाळलेल्या कुंडीला त्याहून जास्त. मग बाहेर काढून निथळू द्या. रात्रभर टबमध्ये विसरू नका.

उचलता न येणाऱ्या कुंडीला पाणी हप्त्याहप्त्याने द्या. थोडे घाला, दहा मिनिटे थांबा, पुन्हा थोडे. तिसऱ्या-चौथ्या फेरीला माती पाणी धरू लागते. पहिल्या फेरीचे पाणी फुकट गेल्यासारखे वाटते, पण कणांचा पृष्ठभाग ओलावण्याचे काम तेच करते. त्यानंतर काडीची तपासणी पुन्हा करा. गाभा ओला झाल्याशिवाय काम संपलेले नाही.

माती भिजून फुगली की कडेची फट हाताने दाबून बंद करा, उरलेल्या जागेत ओले मिश्रण भरा. फट कोरड्या मातीने भरू नका. ती पुन्हा आकसून सुटते. मातीची पातळी कापडाच्या काठापेक्षा तीन-चार सेंटिमीटर खाली ठेवा आणि कडेला किंचित उंच, मध्ये खोलगट करा. काठोकाठ भरलेल्या कुंडीवर पाणी थांबूच शकत नाही, हे साधे कारण पुष्कळदा नजरेतून सुटते.

ठिबक लावले असेल तर तेही याच पायरीत बघा. कोकोपीट जास्त असलेल्या भरभरीत मिश्रणात मधोमध एकच ड्रिपर असेल, तर पाणी अरुंद पट्ट्यात सरळ खाली उतरते आणि बाजूची माती कोरडीच राहते. ताशी २ लिटर किंवा त्याहून कमी वेगाचे दोन ते चार ड्रिपर खोड आणि कड यांच्या मधोमध गोलाकार लावा. अगदी कडेला लावलेल्या ड्रिपरचे पाणी कापडातून बाहेर जाते.

५. कुंडी कुठे आणि कशावर ठेवली आहे

वारा हा उन्हापेक्षाही मोठा चोर आहे. कठड्याच्या कोपऱ्यावर, गच्चीच्या धारेवर ठेवलेली कुंडी सगळ्या बाजूंनी सुकते. कुंड्या जवळजवळ ठेवल्या की एकमेकींच्या बाजू झाकल्या जातात. दुपारनंतरचे ऊन ज्या बाजूने येते तिथे एखादी फळी, जाळी किंवा रिकामी मोठी कुंडी आडोशाला लावा. याला पैसे लागत नाहीत आणि फरक त्याच आठवड्यात कळतो.

आता बुडाकडे. कापडी कुंडी गुळगुळीत फरशीवर सपाट बसली, की तिचे बूड आणि फरशी यांच्यात पाण्याची पातळ चकती अडकते. वरून आणि बाजूंनी हवा खेळत असली तरी बूड कुजके राहते. विटा, लाकडी पट्ट्या किंवा जाळीची चौकट ठेवून कुंडी जमिनीपासून थोडी वर घ्या. खालून हवा लागली की तळाची मुळेही सुधारतात आणि फरशीवर डाग पडत नाहीत.

कुठल्याही कुंडीत तळाशी पाण्याने भरलेला एक थर राहतोच. त्याची उंची कुंडीच्या उंचीवर अवलंबून नसते, मिश्रणाच्या बारीक-जाडपणावर असते. म्हणून उथळ कापडी कुंडीत बारीक, चिकट माती भरली तर निम्मी कुंडी चिखलात राहू शकते. तळाला खडी घालून हे सुटत नाही. खडीमुळे तो ओला थर फक्त वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी कमी होते. मिश्रणच भरभरीत करावे लागते: परलाईट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे), भाताचे तूस किंवा जाडसर कोकोचे तुकडे मिसळून.

थेट मातीवर ठेवलेली कुंडी आणखी वेगळी. तिची मुळे कापडातून खालच्या जमिनीत शिरतात. झाड खूश असते, पण कुंडी हलवायच्या दिवशी ती मुळे तुटतात आणि झाड दोन दिवसांत माना टाकते. हलवल्यानंतर लगेच कोमेजणे सुरू झाले असेल तर दुसरे कारण शोधू नका.

६. कुंडीचा आकार आणि वरचे झाकण

लहान कापडी कुंडी हा बहुतेक वेळा चुकीचा सौदा असतो. २० सेंटिमीटर व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या कुंडीत दर लिटर मातीमागे २०० चौरस सेंटिमीटर कापड हवेला उघडे असते. ३० बाय २५ च्या कुंडीत हेच प्रमाण सुमारे १३३ भरते. कुंडी जितकी लहान, तितकी ती भराभर सुकते. छोट्या रोपांसाठी कापड वापरूच नये असे माझे मत आहे. मिरची, वांगी, टोमॅटो यांना १५ ते २० लिटरच्या खाली जाऊ नका.

आकार बदलायचा नसेल तर आच्छादन करा. वाळलेली पाने, पेंढा किंवा नारळाच्या काथ्याचा पाच सेंटिमीटरचा थर द्या, खोडाला मात्र चिकटवू नका. तेवढ्यानेही भागले नाही तर कुंडीच्या आतून वरच्या अर्ध्या भागात प्लॅस्टिकचा पट्टा लावता येतो. बाष्पीभवन कमी होते, पण त्या भागातली हवेने होणारी मुळांची छाटणीही थांबते. हा तोडगा फक्त हंगामी भाज्यांसाठी वापरा. वर्षानुवर्षे कुंडीत राहणाऱ्या लिंबू-पेरूसारख्या झाडांना नको.

टोमॅटोचे बूड काळे पडण्याचा उलगडाही इथेच आहे. त्या भागाला कॅल्शियम पोहोचत नाही. बहुतेक वेळा मातीत ते पुरेसे असते, पण कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढते, आणि कुंडी एक दिवस कोरडी, एक दिवस तुडुंब अशी राहिली की हा पुरवठा तुटतो. चुना-कॅल्शियम ओतण्याआधी ओल एकसारखी करा. आधी काळी पडलेली फळे सुधारत नाहीत, ती काढून टाका, नवी बघा.

७. पांढरा थर आणि पानांच्या करपलेल्या कडा

पाणी बाजूंनी उडते तेव्हा त्यात विरघळलेले क्षार कापडावर आणि कडेच्या मातीत मागे राहतात. पाणी जड, म्हणजे क्षारांचे, असेल किंवा खत वारंवार दिले जात असेल तर हा थर लवकर जमतो. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार मुळातच असतात, ते यात भर घालतात. मातीतले क्षार वाढले की माती ओली असूनही मुळांना पाणी ओढणे जड जाते. म्हणून झाड तहानलेले दिसते आणि कडा करपतात.

उपाय धुण्याचा. खत बंद करा आणि कुंडीच्या आकारमानाच्या साधारण दुप्पट पाणी, म्हणजे २० लिटरच्या कुंडीला ४० लिटर, सावकाश, टप्प्याटप्प्याने घालून खालून वाहू द्या. ते वाहिलेले पाणी ताटलीत साचवून परत चढू देऊ नका. शक्य असेल तर साठवलेले पावसाचे पाणी वापरा. बाहेरचा थर कोरडा असताना कडक ब्रशने घासून काढा. पुढे प्रत्येक वेळी थोडे पाणी खालून निघेल इतके देत जा. रोज चमचाभर पाणी देऊन काहीच खाली न जाऊ देण्याची काटकसर क्षार साठवते.

बाहेरच्या कापडावरचा हिरवा थर मात्र वेगळा. ते शेवाळ आहे, झाडाला इजा करत नाही. फक्त ते कापड सतत ओले राहते हे सांगते.

वारंवार पाणी घालण्याचा आणखी एक परिणाम म्हणजे नत्र धुऊन जाते. जुनी पाने एकसारखी पिवळी पडत असतील आणि ओल ठीक असेल, तर पातळ केलेले खत थोड्या-थोड्या दिवसांनी द्या. एकदम मोठी मात्रा कापडी कुंडीत टिकतच नाही. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ते लोहाचे लक्षण आहे. जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) वाढला की लोह असूनही मुळांना मिळत नाही. धुण्याआधी खत देऊ नका, हा क्रम पाळा.

८. मुळे पाहणे

इथपर्यंत सगळे करून झाड सुधारले नाही, तरच ही पायरी. झाडाला यात त्रास होतो, म्हणून शेवटी ठेवली आहे. कडक उन्हाळ्यात किंवा झाड फुलावर-फळांवर असताना टाळता आली तर टाळा.

कापड ओढून काढू नका. बारीक मुळे फेल्टमध्ये शिरलेली असतात आणि ओढल्याने सोलून निघतात. एका बाजूने कापड वरून खाली कापा आणि हळूच उलगडा.

पांढरी-पिवळसर, टणक मुळे म्हणजे मुळे निरोगी आहेत. पण ती इतकी दाट असतील की माती दिसतच नाही, तर झाडाने कुंडी संपवली आहे. हवेने छाटणी होत असली तरी जागा कधीतरी संपतेच, आणि मातीच उरली नाही तर पाणी धरणार कोण? दुप्पट आकारमानाच्या कुंडीत हलवा. तीच कुंडी ठेवायची असेल तर धारदार सुरीने गोळ्याचा बाहेरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर कापून नवे, आधीच ओलावलेले मिश्रण भरा. त्यानंतर काही दिवस सावली द्या.

तपकिरी, बुळबुळीत मुळे, चिमटीत धरल्यावर साल निघून आत दोरा उरतो, ही कूज आहे. कुजलेला भाग काढा, भरभरीत मिश्रणात लावा, पाणी कमी करा. निम्म्याहून जास्त मुळे गेली असतील तर झाड वाचवण्यापेक्षा निरोगी फांदीची कलमे घेणे शहाणपणाचे.

मुळांवर गाठी असतील तर नीट बघा. घेवडा, चवळी, वाटाणा यांच्या मुळांवरच्या गाठी बाजूला चिकटलेल्या असतात, नखाने सुटतात, आतून गुलाबी असतात. त्या उपयोगी आहेत. मूळच जागोजाग सुजून गाठाळ झाले असेल आणि गाठ सुटत नसेल, तर ते सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, आहेत.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

पहाटेही कोमेजलेले, पाने हिरवी असतानाच एकाएकी लोळलेले टोमॅटो, वांगी किंवा मिरचीचे झाड दिसले, तर बुडाजवळच्या खोडाचा पाच सेंटिमीटरचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात लटकवा. काही मिनिटांत कापाकडून दुधाळ धागे उतरू लागले तर तो जिवाणूजन्य मर रोग आहे. यावर घरगुती इलाज नाही आणि फवारणीने तो बरा होत नाही. झाड, माती, कापड वेगळे ठेवा, ती माती दुसऱ्या कुंडीत टाकू नका, हत्यारे धुवा आणि वनस्पतिरोगतज्ज्ञाला दाखवा. सूत्रकृमींच्या गाठींसाठीही हेच. अंदाजाने तीव्र औषधे मातीत ओतू नका, विशेषतः खाण्याच्या भाज्यांच्या.

दोनदा धुऊनही पांढरा थर आणि करपलेल्या कडा परत आल्या, तर माती आणि पाणी दोन्ही प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि विद्युत वाहकता, म्हणजे क्षार किती आहेत याचे माप, विचारा. संपृक्त मातीच्या अर्कात ती घेवड्याला सुमारे १, मिरचीला १.५ आणि टोमॅटोला २.५ डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की उत्पादन घटू लागते. पाण्यातच क्षार जास्त निघाले तर कुंडीत काहीही केले तरी पुरणार नाही, पाण्याचा स्रोत बदलावा लागेल.

गच्ची किंवा सज्जावर मोठ्या कुंड्या असतील तर वजनाचा विषय स्वतः ठरवू नका. जमिनीतली माती भिजल्यावर दर लिटरला दीड ते दोन किलो भरते, म्हणजे १०० लिटरची एक कुंडी दीडशे ते दोनशे किलोंची होते. अशा कुंड्या ओळीने मांडण्याआधी संरचना अभियंत्याला विचारा. खालच्या छताला ओल, पोपडे किंवा तडा दिसत असेल तर त्या जागेवरच्या कुंड्या आधी हलवा आणि जलरोधनाचे काम करणाऱ्याला बोलवा. पाणी कमी करून वाट पाहत बसू नका.

तज्ज्ञाकडे जाताना सुकलेले पान एकटे नेऊ नका. पहाटे आणि दुपारी काढलेले झाडाचे फोटो, कुंडीच्या गाभ्यातली ओंजळभर माती, ओल्या कागदात गुंडाळलेली थोडी मुळे, वापरत असलेल्या खताची पिशवी आणि तुम्ही घालता त्या पाण्याची भरलेली बाटली सोबत न्या.